महाराष्ट्रातील अन्न, औषधे व वैद्यकीय उपकरणांचे सुरक्षा नियमन

बाजारात विकले जाणारे अन्न, औषधे आणि वैद्यकीय उपकरणे माणसाच्या जिवास अपाय करणार नाहीत, यासाठी शासनाने उभारलेली कायद्यांची, परवान्यांची, तपासणीची आणि शिक्षेची व्यवस्था म्हणजे सुरक्षा नियमन होय. महाराष्ट्रात हे काम मुख्यत्वे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे आहे. केंद्राच्या पातळीवर अन्नासाठी भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण, तर औषधे व उपकरणांसाठी केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना काम पाहते. कायदा केंद्राचा आणि अंमलबजावणी बहुतांशी राज्याची, अशी ही विभागणी आहे.

हातगाडीवरील सरबत असो वा हृदयात बसवायची झडप, ग्राहकाला वस्तू पाहून तिचा निर्धोकपणा कळत नाही. कापड किंवा भांडे घेताना निदान हात लावून पारख करता येते. औषधाच्या बाटलीतील पारदर्शक द्रवाची तशी पारख डॉक्टरलाही करता येत नाही. या अज्ञानाची भरपाई करण्यासाठी नियमनाची गरज निर्माण झाली. महाराष्ट्रात ती किती महागात पडू शकते, हे १९८६ साली मुंबईतील एका रुग्णालयात दिसून आले.

== पार्श्वभूमी ==

१८६०च्या भारतीय दंडसंहितेत अन्नपेयांतील व औषधांतील भेसळीविरुद्ध कलमे होती. त्यांतील शिक्षा सहा महिने कैद किंवा एक हजार रुपये दंड अशी होती. गुन्हा घडून गेल्यावर शिक्षा देणे एवढाच या कलमांचा आवाका होता. माल बाजारात येण्यापूर्वी तपासण्याची कोणतीही सोय त्यांत नव्हती.

औषधाच्या प्रत्येक बाटलीचा मागोवा घेता आला पाहिजे, ही कल्पना समजण्यासाठी परळच्या प्रयोगशाळेशी निगडित एक जुनी घटना उपयोगी पडते. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली होती. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या गावी १०७ जणांना ही लस टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मरण पावले. हे सर्व १९ जण एकाच बाटलीतील लस घेतलेले होते आणि त्या बाटलीवर ५३-एन हा क्रमांक होता. हाफकिन यांना दोषी धरून कामावरून दूर करण्यात आले. पुढे बाटली गावात उघडताना जंतुसंसर्ग झाल्याचे पुरावे पुढे आले व १९०७ साली त्यांच्यावरील ठपका दूर झाला. क्रमांक नोंदलेला नसता तर संशय लसीच्या साऱ्या साठ्यावर गेला असता आणि हाफकिन यांची सुटका होणेही कठीण झाले असते. आज गोळ्यांच्या पट्टीवर बारीक अक्षरांत छापलेला 'बॅच नंबर' ग्राहक सहसा वाचत नाही. पण संकटाच्या वेळी प्रशासनाला पहिला आधार त्याचाच असतो.

मुंबई प्रांताने अन्नभेसळीविरुद्ध १९२५ साली स्वतंत्र कायदा केला. औषधांच्या बाबतीत केंद्र सरकारने १९३० साली आर. एन. चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. तिच्या शिफारशींनंतर १९४० साली औषध अधिनियम झाला आणि १९४५ साली त्याखालील नियम आले. १९६२च्या दुरुस्तीने त्याला औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम हे आजचे नाव मिळाले. अन्नभेसळ प्रतिबंधक अधिनियम १९५४चा. त्याची जागा पुढे अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ या कायद्याने घेतली व त्याची प्रत्यक्ष अंमलबजावणी ५ ऑगस्ट २०११ पासून सुरू झाली. नावातील बदल लक्षणीय आहे. जुन्या कायद्याचा भर भेसळ पकडण्यावर होता. नव्या कायद्यात अन्न सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी व्यावसायिकावर आहे.

== जे. जे. रुग्णालयातील ग्लिसरॉल विषबाधा ==

मुंबईतील भायखळा येथील सर जे. जे. रुग्णालय हे राज्य शासनाचे मोठे व जुने रुग्णालय आहे. १९८६च्या जानेवारी–फेब्रुवारीत तेथे उपचार घेत असलेल्या काही रुग्णांची लघवी अचानक बंद होऊ लागली, मूत्रपिंडे निकामी झाली आणि एकामागून एक १४ जण दगावले. हे रुग्ण वेगवेगळ्या विकारांसाठी दाखल झाले होते. त्यांच्यात एक गोष्ट समान होती: सर्वांना ग्लिसरॉल देण्यात आले होते. मेंदूतील किंवा डोळ्यातील दाब कमी करण्यासाठी हे गोडसर, दाट द्रव त्या काळी सर्रास वापरले जाई.

पुरवठा झालेले ग्लिसरॉल औषधी दर्जाचे नव्हते. ते औद्योगिक वापराचे होते आणि त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष मिसळलेले होते. हा पदार्थही गोड, रंगहीन आणि चिकट असतो. कारखान्यांत तो द्रावक म्हणून वापरतात. पोटात गेल्यावर तो मूत्रपिंडांवर आघात करतो. दिसण्यात व चवीत फरक नसल्यामुळे परिचारिकेला, डॉक्टरला किंवा रुग्णाला तो ओळखू येणे शक्य नव्हते. ओळखू शकणारी एकच जागा होती, ती म्हणजे प्रयोगशाळा. आणि माल रुग्णापर्यंत पोहोचण्यापूर्वी तेथे गेला नव्हता.

हे विष जगाला अपरिचित नव्हते. अमेरिकेत १९३७ साली सल्फानिलामाइड हे औषध याच द्रवात विरघळवून विकले गेले आणि शंभरांहून अधिक माणसे, त्यांत अनेक मुले, मरण पावली. त्या वेळच्या अमेरिकी कायद्यानुसार विक्रीपूर्वी औषधाची सुरक्षितता सिद्ध करण्याचे बंधन उत्पादकावर नव्हते. १९३८ साली तेथे नवा कायदा झाला तो या मृत्यूंनंतर. म्हणजे भायखळ्याच्या दुर्घटनेपूर्वी जवळजवळ पन्नास वर्षे या धोक्याची नोंद पाठ्यपुस्तकांत होती.

मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या एकसदस्यीय आयोगाने या प्रकरणाची चौकशी केली. मृत्यू कशामुळे झाले एवढ्यावर आयोग थांबला नाही. रुग्णालयाची खरेदी कशी होते, स्वस्त दर हाच निकष कसा ठरतो, परवाने कोणाला व कशाच्या आधारावर दिले जातात, दोषी उत्पादकांवरील कारवाई मध्येच कोण थांबवते, हे सारे त्याने तपासले. अहवालात रुग्णालयातील अधिकारी, अन्न व औषध प्रशासनातील अधिकारी आणि मंत्री यांच्यावर कठोर ताशेरे होते. १९८८ साली अहवाल जाहीर झाल्यावर तत्कालीन आरोग्यमंत्र्यांना पद सोडावे लागले.

या प्रकरणाचा उल्लेख बहुधा 'भेसळीचे प्रकरण' असा केला जातो. तो अपुरा आहे. भेसळ करणारा एक होता; पण त्याचा माल रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचताना परवाना, खरेदी, तपासणी आणि देखरेख अशा चार दारांतून गेला व चारही दारे उघडी होती. कायदा तेव्हाही होता, आणि त्याला ४६ वर्षे झाली होती.

तेच विष पुढेही पुनःपुन्हा आढळले. जम्मूतील रामनगर येथे २०१९ची अखेर व २०२०चा आरंभ या काळात खोकल्याच्या औषधाने बालके दगावली. २०२२ साली आफ्रिकेतील गांबिया देशात भारतात बनलेल्या सिरपांचा बालमृत्यूंशी संबंध असल्याचा इशारा जागतिक आरोग्य संघटनेने दिला. सप्टेंबर–ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात वीसहून अधिक मुले मरण पावली. त्यांतील अनेकांना उपचारासाठी नागपूरला आणले होते, त्यामुळे ही घटना महाराष्ट्राच्या दारातच घडली असे म्हणावे लागते. 'कोल्ड्रिफ' या सिरपच्या एसआर-१३ या बॅचमध्ये तमिळनाडूच्या प्रयोगशाळेला डायएथिलीन ग्लायकॉलचे प्रमाण ४८.६ टक्के आढळले. मान्य मर्यादा ०.१ टक्का आहे. महाराष्ट्राच्या प्रशासनाने या बॅचचा वापर तत्काळ थांबवण्याचे आवाहन केले. येथे पुन्हा बॅच क्रमांकच कामी आला. परंतु तोपर्यंत औषध मुलांच्या पोटात गेले होते.

== यंत्रणेची रचना ==

नव्या औषधाला देशात परवानगी देणे, त्याच्या मानवी चाचण्यांवर देखरेख ठेवणे आणि आयात मालाची तपासणी ही कामे केंद्राची आहेत. भारताचे औषध महानियंत्रक केंद्रीय संघटनेचे प्रमुख असतात. कारखान्याला उत्पादनाचा व दुकानाला विक्रीचा परवाना देणे, नमुने घेणे आणि खटले भरणे ही कामे सामान्यतः राज्य करते. एका राज्यात बनलेले औषध साऱ्या देशात विकले जाते, पण उत्पादनावर लक्ष ठेवण्याची पहिली जबाबदारी त्या एका राज्याची असते. एखाद्या राज्याची यंत्रणा दुबळी असेल तर त्याची झळ शेजारच्या राज्याला लागते. छिंदवाड्यात नेमके तेच झाले.

महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाचे मुख्यालय मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. आयुक्त हे त्याचे प्रमुख असतात. क्षेत्रीय पातळीवर औषधांसाठी औषध निरीक्षक आणि अन्नासाठी अन्न सुरक्षा अधिकारी काम करतात. प्रशासनाच्या औषध प्रयोगशाळा मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. औषध वापरल्यानंतर होणाऱ्या अपायांची नोंद ठेवण्यासाठी २०१० पासून राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रम चालू असून त्याचे समन्वयन गाझियाबाद येथील भारतीय औषधकोश आयोग करतो. अशी नोंद डॉक्टरप्रमाणे रुग्णालाही करता येते, हे फारच थोड्यांना ठाऊक असते.

== नमुना, प्रयोगशाळा आणि न्यायालय ==

नियमनाचा कणा नमुना हा आहे. अन्न सुरक्षा अधिकारी दुकानातून किंवा कारखान्यातून नमुना घेतो तेव्हा त्याचे चार भाग करून ते मोहोरबंद केले जातात. एक भाग अन्न विश्लेषकाकडे जातो. दोन भाग पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे सुरक्षित ठेवले जातात. चौथा भाग, व्यावसायिकाने मागणी केल्यास, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवला जातो. विश्लेषकाने १४ दिवसांत अहवाल द्यावा, असे कायदा सांगतो. अहवाल मान्य नसल्यास व्यावसायिकाला अपील करता येते व राखीव भाग संदर्भ प्रयोगशाळेकडे जातो. दुकानातून घेतलेल्या औषधाच्या नमुन्याचेही चार भाग होतात: एक विक्रेत्याला परत, एक शासकीय विश्लेषकाकडे, एक न्यायालयासाठी आणि एक उत्पादकासाठी. विश्लेषकाच्या अहवालाला २८ दिवसांत आव्हान देता येते आणि अंतिम तपासणी कोलकाता येथील केंद्रीय औषध प्रयोगशाळेत होते.

ही पद्धत वेळखाऊ वाटते. पण तिच्यात आरोपीचा बचावही गृहीत धरलेला आहे. एकाच नमुन्यावर विसंबून एखाद्याचा धंदा बंद करणे न्यायाला धरून नाही, आणि धोकादायक माल बाजारात राहू देणे हेही नाही. या दोहोंमधील ओढाताण मुंबई उच्च न्यायालयापुढे आलेल्या दोन प्रकरणांत स्पष्ट दिसते.

जून २०१५ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने मॅगी नूडल्सच्या सर्व प्रकारांवर बंदी घातली. शिसे मर्यादेपेक्षा, म्हणजे दर दशलक्ष भागांत २.५ भागांपेक्षा, अधिक असल्याचे कारण देण्यात आले होते. महाराष्ट्रानेही विक्री थांबवली. १३ ऑगस्ट २०१५ रोजी उच्च न्यायालयाने दोन्ही आदेश रद्द केले. कंपनीला आपले म्हणणे मांडण्याची संधी मिळाली नव्हती आणि ज्या प्रयोगशाळांच्या अहवालांवर बंदी आधारली होती त्या कायद्याप्रमाणे मान्यताप्राप्त नव्हत्या, ही प्रमुख कारणे होती. न्यायालयाने तीन मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत फेरतपासणी करायला लावली. तीत शिसे मर्यादेत आढळले आणि नोव्हेंबरमध्ये नूडल्स पुन्हा दुकानांत आले. लोकांच्या बोलण्यात या खटल्याचे वर्णन 'कंपनी जिंकली' असे होते. वस्तुतः प्रयोगशाळेची मान्यता ही कागदोपत्री बाब नसून पुराव्याचा पाया आहे, हे त्यातून प्रस्थापित झाले.

दुसरे प्रकरण मुलुंड येथील कारखान्यात बनणाऱ्या जॉन्सन्स बेबी पावडरचे. राज्य प्रशासनाने २०१८च्या अखेरीस पुणे व नाशिक येथून या पावडरचे नमुने घेतले होते. त्यांचे सामू-मूल्य, म्हणजे आम्लता-अल्कता दर्शवणारा आकडा, मानकात बसत नसल्याचा निष्कर्ष निघाला. परवाना रद्द करण्याचा आदेश मात्र सप्टेंबर २०२२ मध्ये निघाला. ११ जानेवारी २०२३ रोजी उच्च न्यायालयाने तो व उत्पादन थांबवण्याचा आदेश रद्द केले. विलंब आणि कारवाईची अवाजवी कठोरता या दोन्हींवर न्यायालयाने बोट ठेवले. पावडर खरोखर अपायकारक होती असे मानले, तर जवळजवळ चार वर्षे ती तान्ह्या मुलांच्या अंगाला लागत राहिली. नव्हती असे मानले, तर कारखाना विनाकारण थांबला. नमुना आणि आदेश यांच्यातील अंतर दोन्ही बाजूंनी घातक ठरते, हे सांगायला याहून बोलके उदाहरण मिळणे अवघड आहे.

== अन्न : नागावच्या किनाऱ्यावरून ==

रायगड जिल्ह्याच्या अलिबाग तालुक्यातील नागाव हे आक्षी आणि चौल–रेवदंडा यांच्यामधील गाव नारळी-पोफळीच्या वाड्यांसाठी आणि समुद्रकिनाऱ्यासाठी ओळखले जाते. सुट्ट्यांत येथे मुंबई-पुण्याकडील पर्यटकांची गर्दी असते आणि तिच्यामागोमाग घरगुती खानावळी, घरनिवास, सरबताच्या गाड्या, भजी-वड्यांचे ठेले चालतात. अन्न सुरक्षा कायदा अशा ठिकाणी कसा लागू होतो हे पाहिले की त्याची व्याप्ती ध्यानात येते.

वाडीत पिकलेला नारळ किंवा सोललेली सुपारी मालकाने विकली तर कायदा त्याच्या आड येत नाही. शेतकरी व मच्छीमार यांचे शेतावरील किंवा किनाऱ्यावरील उत्पादन कायद्याने वगळले आहे. त्याच वाडीच्या मालकाने पर्यटकांना जेवण वाढले, कोकम सरबत बाटलीत भरून विकले किंवा पापड-लोणच्यांचा उद्योग सुरू केला, की तो 'अन्न व्यावसायिक' ठरतो. फेरीवाल्यासारख्या लहान व्यावसायिकाला परवाना नको, परंतु नोंदणी हवी. २०११च्या नियमांनी नोंदणीसाठी वार्षिक उलाढालीची मर्यादा १२ लाख रुपये आणि शुल्क वर्षाला १०० रुपये ठरवले. त्यापुढील उलाढालीला राज्याचा आणि मोठ्या उद्योगांना केंद्राचा परवाना लागतो. नोंदणीचा किंवा परवान्याचा क्रमांक १४ अंकी असतो आणि वेष्टणावर तो छापावा लागतो.

सुपारीचे उदाहरण विशेष उद्बोधक आहे. पोफळीवरची सुपारी हे पीक आहे. तीच सुपारी सुगंध मिसळून पुडीत भरली की तिच्यावर महाराष्ट्रात बंदी आहे. राज्यात जुलै २०१२ पासून गुटखा व पानमसाला आणि पुढे सुगंधित तंबाखू व सुगंधित सुपारी यांच्या उत्पादन, साठवणूक व विक्रीवर बंदी असून ती दरवर्षी नव्या आदेशाने वाढवली जाते. कारण अन्न सुरक्षा आयुक्ताला कलम ३० खाली अशी बंदी एका वेळी जास्तीत जास्त एक वर्षासाठीच घालता येते. बंदी कागदावर अखंड आहे. टपरीवर ती कितपत पाळली जाते, हे प्रत्येक वाचक आपल्या गावच्या अनुभवावरून ठरवू शकेल.

किनाऱ्यावर गोळा आणि उसाचा रस यांसाठी लागणारा बर्फ हा आणखी एक नाजूक विषय आहे. मासळी टिकवण्यासाठीचा बर्फ पिण्याच्या पाण्याचा असेलच असे नाही आणि वितळेपर्यंत दोन्ही बर्फ सारखेच दिसतात. म्हणून २०१८ मध्ये खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालण्याची सक्ती झाली. निळसर लादी सरबताच्या गाडीवर दिसली तर ती तेथे असता कामा नये, एवढे सामान्य ग्राहकालाही कळते. ज्या थोड्या नियमांची तपासणी डोळ्यांनी करता येते त्यांतला हा एक आहे. त्याच वर्षी तळणीच्या तेलासाठीही मर्यादा आली: वारंवार तापवून तेलातील एकूण ध्रुवीय संयुगे २५ टक्क्यांवर गेली की ते तेल वापरता येत नाही. ही मर्यादा मात्र उपकरणाशिवाय मोजता येत नाही, त्यामुळे ठेल्यावर तिचा उपयोग मर्यादितच राहतो.

मासळीच्या बाबतीत कोकणाला गोव्याचा अनुभव जवळचा आहे. जुलै २०१८ मध्ये बाहेरून आलेल्या मासळीत फॉर्मेलिन असल्याच्या संशयावरून गोवा सरकारने मासळीची आयात १५ दिवसांसाठी थांबवली. शव टिकवण्यासाठी वापरले जाणारे हे रसायन अन्नात अजिबात चालत नाही. पावसाळ्यातील मासेमारी बंदीच्या काळात बाजारातील बरीच मासळी दूरवरून येत असल्याने हा धोका नेमका त्याच महिन्यांत वाढतो.

रायगड जिल्ह्यासाठीचे प्रशासनाचे कार्यालय जिल्ह्याच्या ठिकाणी, अलिबागला, नसून पेण येथे आहे. दोन्ही गावांतील अंतर सुमारे ३० किलोमीटर आहे. एका जिल्ह्यातील खानावळी, उपाहारगृहे, दूधविक्रेते, मिठाईची दुकाने आणि कारखाने यांची संख्या लक्षात घेता, अधिकारी प्रत्येक ठिकाणी वर्षातून एकदा पोहोचेल अशी अपेक्षा धरणे व्यवहार्य नाही. त्यामुळे तपासणी बहुधा सणासुदीच्या तोंडावर किंवा तक्रार आल्यावर होते.

== औषधांचे दुकान ==

किरकोळ औषधविक्रीसाठी प्रशासनाचा परवाना लागतो, तो दुकानात दर्शनी भागी लावावा लागतो आणि डॉक्टरच्या चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत औषधनिर्मात्याच्या देखरेखीखाली द्यावे लागते. अनुसूची 'एच' मधील औषधे चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. अनुसूची 'एच-१' मार्च २०१४ पासून लागू झाली. तिच्यात काही प्रतिजैविके, क्षयरोगाची औषधे आणि सवय लावणारी औषधे आहेत. त्यांच्या विक्रीची स्वतंत्र नोंदवही ठेवून ती तीन वर्षे जपावी लागते. 'मागच्या वेळी दिली होती तीच गोळी द्या' असे म्हणणारे गिऱ्हाईक आणि 'नेहमीचे आहेत' म्हणून देणारा दुकानदार, ही जोडी गावोगाव आढळते. बिल न घेण्याची सवय त्याहूनही सार्वत्रिक आहे. औषध अप्रमाणित निघाले तर ते कोणत्या दुकानातून, कोणत्या बॅचमधून आले हे सिद्ध करणारा ग्राहकाकडील एकमेव कागद बिल हाच असतो.

कायद्यात औषधांचे दोष वेगवेगळे मानले आहेत. घटकाचे प्रमाण कमी-जास्त असलेले औषध अप्रमाणित, परके द्रव्य मिसळलेले ते भेसळयुक्त, तर दुसऱ्याचे नाव वा रूप धारण करणारे ते बनावट ठरते. शिक्षाही त्याप्रमाणे बदलते. १९६४च्या दुरुस्तीनंतर आयुर्वेदिक, सिद्ध व युनानी औषधांसाठीही याच कायद्यात तरतुदी आल्या. 'आयुर्वेदिक आहे, म्हणजे परवाना लागत नाही' हा समज चुकीचा आहे.

== वैद्यकीय उपकरणे ==

उपकरणांचे नियमन सर्वांत उशिरा आले. २००५ साली हृदयातील स्टेंट, कृत्रिम झडपा, अस्थिरोपणे, डोळ्यातील भिंगे अशा मोजक्या वस्तूंना 'औषध' मानून कायद्याखाली आणले गेले. यात व्याख्येची गंमत अशी की धातूचा सांधा कायद्याच्या भाषेत औषध ठरला. वैद्यकीय उपकरण नियम २०१७ साली तयार झाले व १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. १ एप्रिल २०२० पासून सर्वच उपकरणे त्यांच्या कक्षेत आली. धोक्याच्या चढत्या क्रमाने अ, ब, क, ड असे चार वर्ग आहेत. पहिल्या दोन वर्गांच्या उत्पादनाचे परवाने राज्य देते, उरलेल्या दोहोंचे केंद्र.

हा उशीर कोणाला भोवला हे 'एएसआर' या कृत्रिम खुब्याच्या प्रकरणात दिसते. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डिप्यू या कंपनीने बनवलेला हा धातूवर धातू घासणारा सांधा ऑस्ट्रेलियात २००९ साली मागे घेण्यात आला आणि ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत बोलावला गेला. झिजेतून सुटलेले कोबाल्ट व क्रोमियम रुग्णांच्या रक्तात मिसळत होते. भारतात सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत हा सांधा वापरला गेला होता. महाराष्ट्राच्या प्रशासनाने या प्रकरणाचा पाठपुरावा केला, तरी केंद्राची तज्ज्ञ समिती २०१७ साली नेमली गेली. २०१८ साली ठरलेल्या सूत्रानुसार भरपाई ३० लाखांपासून सुमारे १ कोटी २३ लाख रुपयांपर्यंत होती. पैसे देण्यापूर्वी रुग्ण सापडायला हवे होते, आणि तेच अवघड ठरले. कोणाच्या शरीरात कोणत्या क्रमांकाचा सांधा बसवला याची एकत्रित नोंद नव्हती, आणि पत्ते बदललेले अनेक जण हाती लागले नाहीत. मुलकोवालच्या बाटलीवर १९०२ साली क्रमांक होता. येथे सांध्यावर क्रमांक होता, पण तो रुग्णाशी जोडणारी वही नव्हती. शस्त्रक्रियेनंतर रोपणाच्या वेष्टनावरील चिकटपट्टी रुग्णाच्या कागदपत्रांत लावून घ्यावी, असे डॉक्टर सुचवतात ते याचसाठी.

== नागरिकांना असलेले अधिकार ==

नमुना तपासून घेण्याचा अधिकार केवळ अधिकाऱ्यांना आहे, असा समज आहे. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४० नुसार कोणताही खरेदीदार शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून पदार्थ तपासून घेऊ शकतो. मात्र तसा हेतू खरेदीच्या वेळी विक्रेत्याला सांगावा लागतो. औषधांबाबत अशीच तरतूद औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियमाच्या कलम २६ मध्ये आहे. पदार्थ असुरक्षित निघून त्यामुळे मृत्यू झाल्याचे सिद्ध झाले तर जन्मठेपेपर्यंतची शिक्षा आणि किमान दहा लाख रुपये दंड होऊ शकतो. राज्य प्रशासनाकडे १८००-२२२-३६५ या निःशुल्क क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. तक्रार करताना वस्तूचे नाव, उत्पादकाचा पत्ता, बॅच क्रमांक, उत्पादनाची व वापराची अंतिम तारीख आणि बिल या गोष्टी जवळ ठेवाव्यात, तसेच उरलेला पदार्थ किंवा औषध टाकून न देता मूळ वेष्टनासह बाजूला काढून ठेवावे.